दिल्ली दीड तास, तांडा नाल्यापलीकडं

ड्रायव्हर माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. गाडी धुवायला काढली की सीटखालून कुणाचा चष्मा निघतो, कुणाची खारकेची बी, कुणाच्या शर्टाचं बटण. किस्सेही तसेच निघत राहतात. आपण फक्त बादली घेऊन बसायचं. पांढरकवड्याच्या आमच्या टॅक्सी स्टँडवर तर त्या काळात इतके किस्से साचले, की भाडं नाही मिळालं तरी दिवस मजेत जायचा!

तो काळ म्हणजे कापसाची वाईट वर्षं. कापसाला भाव नव्हता, पण आमच्या गाड्यांना होता. बोलताना कसंतरीच वाटतं, पण खरं ते खरं. दिल्लीहून, मुंबईहून, कुठून कुठून माणसं आमचा जिल्हा बघायला यायची. समित्या, पत्रकार, अभ्यासक, टीव्हीवाले. नागपूरपर्यंत विमानानं आणि तिथून पुढे आमच्या सुमोनं.

स्टँडवर आम्ही तिघं पक्के. एक मी, विलास. दुसरे गफ्फारभाई, वयानं सगळ्यात मोठे. आयुष्यभर हैदराबाद रोडवर ट्रक चालवला आणि कंबर गेली म्हणून सुमोवर आले. तिसरा सुभाष राठोड, जवळच्याच बंजारा तांड्यावरचा. आमच्या जुन्या लोकांनी बैलांवर मीठ लादून अर्धा देश पालथा घातला, असं सुभाष छाती फुगवून सांगायचा. आणि लगेच म्हणायचा, "अन् मले माह्याच घरी गाडी नेता येत नाही, बोला!"

कारण हायवेपासून त्याच्या तांड्यापर्यंत रस्ताच नव्हता. काळ्या मातीची बैलगाडीची वाट आणि मध्ये एक नाला. पावसाळ्यात सुभाष सुमो हायवेवरच्या धाब्याशी लावायचा आणि चपला हातात घेऊन घरी जायचा. स्वतःच्या त्रासाचं त्याला काही नव्हतं. पण त्याची पोरगी पूजा सहावीत होती आणि शाळा नाल्याच्या अलीकडे, हायवेवरच्या गावात. नाल्याला पाणी आलं की शाळा बुडायची. मास्तरांनी सांगून टाकलं होतं, हजेरी अशीच राहिली तर नाव कमी करावं लागेल. तिच्या आधीच्या कितीतरी पोरींची नावं अशीच कमी झाली होती आणि त्या आता वेचणीला जात होत्या. त्यामुळे सुभाषच्या डोक्यात उठता-बसता एकच विषय. रस्ता!

* * *

विमानातून उतरलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "अजून किती लांब आहे?"

एकदा गफ्फारभाईंच्या गाडीत दिल्लीचे एक साहेब बसले. बुटीबोरी गेली, जांब गेलं, हिंगणघाट गेलं. साहेब दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होते. वडकीच्या पुढे त्यांचं डोकं गाडीच्या टपाला आपटलं आणि त्यांचा संयम सुटला.

"मी दिल्लीहून नागपूरला दीड तासात आलो. हजार किलोमीटर! आणि इथून एवढ्याशा अंतराला तीन तास? हा काय प्रकार आहे?"

गफ्फारभाईंनी गिअर बदलला आणि अगदी अदबीनं म्हणाले, "साब, ऊपर गड्ढे नहीं हैं ना!"

* * *

या पाहुण्यांचा दौरा कुठून सुरू होतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. दौरा सुरू व्हायचा परतीच्या विमानापासून. विमान कितीचं, म्हणून नागपूरला कधी पोचायचं, म्हणून पांढरकवडा कधी सोडायचं, असं उलटं मोजत यायचे. मोजून जे उरेल ते आमच्या जिल्ह्याचं. आणि त्या उरलेल्यात बसेल असं गाव एकच होतं, हायवेला अगदी चिकटून. सगळे तिथंच जायचे. त्या गावाला इतकी सवय झाली, की चौकातल्या खुर्च्या कुणी आत उचलून ठेवतच नव्हतं.

त्या गावात एक आबाजी होते. पांढऱ्या मिशा, डोक्याला रुमाल. पाहुणा समोर बसला, वही उघडली, की पाहुण्याच्या आधी आबाजीच प्रश्न विचारायचे.

"तुमची फ्लाईट कितीची हाय?"

पाहुणा चमकायचा. "रात्रीची. का?"

"मंग बसा आरामानं, पयलेपासून सांगतो. संध्याकायची असती तं नुसता शेवट सांगितला असता!"

* * *

सुभाषला वाटायचं, एकदा कुणीतरी तांड्यावर येऊन ती वाट डोळ्यांनी पाहिली ना, की काम झालंच. एका उन्हाळ्यात वाट कोरडी खडखडीत असताना त्यानं एका टीव्हीवाल्या टीमला गाडीत घातलं आणि आबाजींच्या गावाऐवजी सरळ तांड्यावर नेलं. सगळ्या रस्त्यानं तो त्यांना नाला दाखवत होता, चाकोऱ्या दाखवत होता. ते मान डोलवत होते.

गाडी तांड्यावर पोचली आणि नेमकी त्याच वेळी सुभाषची बहीण महागावकडच्या सासरहून आलेली. वर्षभरानं आली होती. बंजारा बायकांची एक रीत आहे. खूप दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि मोठ्यानं, सुरात, एकेक आठवण काढत रडतात. ते रडणं म्हणजे त्यांचं स्वागतच. जी रडली नाही तिला माया नाही, असं समजतात. तर सुभाषची आई आणि बहीण, दोघी मिठी मारून सूर लावून रडत होत्या. शेजारणी गोळा झाल्या, त्यांनीही सूर धरला.

कॅमेरावाला उडी मारूनच उतरला!

रात्री आम्ही सगळे स्टँडवरच्या चहाच्या टपरीत टीव्हीसमोर बसलो. बातमी लागली. आई आणि लेक रडताहेत, मागे दुःखी संगीत, खाली पट्टी की कापसामुळे या घरावर आकाश कोसळलं. नाला नाही. वाट नाही. रस्त्याचा तर एक शब्द नाही.

सुभाषची आई जमनाबाई. तांड्यावर आईला याडी म्हणतात, म्हणून आम्हीही तिला याडीच म्हणायचो. दुसऱ्या दिवशी ती बाजाराला आली ती तडक स्टँडवर. सुभाष गाडीमागे लपला, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

"माही लेक घरी आली, मी खुशीनं रडली, ते तुह्या टीव्हीवाल्याईले दिसलं," याडी कडाडली. "अन् येवढा मोठा नाला काहून नाही दिसला?"

सुभाषनं गाडीमागून बाहेर येऊन तिची बाजाराची पिशवी हातात घेतली.

* * *

एक किस्सा माझा स्वतःचा आहे.

पुण्याचे एक प्राध्यापक होते. माणूस चांगला, पण अंगानं नाजूक. करंजी येईपर्यंत ते सीटवर आडवे झाले होते. "अहो विलासराव, पुणे-नागपूर विमानात कळलंसुद्धा नाही. आणि आता अंगाचं पिठलं झालं. तुम्ही लोक नागपूरला जाता तरी कसे?"

मी म्हटलं, "सर, माहा आजा छप्पन साली गेलता. कळंबकडून, दीक्षाभूमीवर. थोडा बैलगाडीनं, बाकी पायी. संगं आजी, कडेवर माहा बाप."

सर उठून बसले. "बापरे! केवढे दमले असतील."

"जातानी दमला होता सर. येतानी नाही!"

सर पुढे पांढरकवड्यापर्यंत बसूनच आले.

* * *

कापसाच्या प्रश्नावर त्या दिवसांत चक्का जाम नेहमीचा असायचा. हायवेवर कापसाच्या बैलगाड्या आडव्या लावायच्या आणि रस्त्यातच बसायचं. एकदा गफ्फारभाई एका बड्या पाहुण्याला परत नागपूरला सोडायला निघाले आणि जाममध्ये अडकले. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये सुमो. समोर हजारो माणसं रस्त्यावर बसलेली.

पाहुण्यांचा जीव खालीवर. फोन लावताहेत, घाम पुसताहेत. "माझी फ्लाईट जाईल! हे लोक असा रस्ता कसा काय अडवू शकतात? यांना काही कळतं की नाही?"

आता हे पाहुणे आले कशासाठी होते? शेतकऱ्यांच्या मनात किती असंतोष आहे, त्याचा अभ्यास करायला! दिवसभर त्यांनी गावात विचारलं होतं आणि शेवटी गाडीत बसताना म्हणाले होते, लोक शांत वाटतात, फारसा राग दिसत नाही.

गफ्फारभाईंनी इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि म्हणाले, "उतरिए साब. आप जो ढूँढने आए थे, मिल गया!"

पाहुणे उतरले नाहीत. पण आंदोलनातल्या बायांनी त्यांना खिडकीतून भाकर आणि ठेचा दिला. विमान गेलं ते गेलंच. ठेचा मात्र त्यांनी दोनदा मागून घेतला, असं गफ्फारभाई अजून शपथेवर सांगतात.

* * *

आता जो किस्सा सांगतो तो सांगताना मला अजून राग येतो.

एका पावसाळ्यात नाला सारखाच भरलेला. पूजाची शाळा बुडत होती. सुभाषनं ठरवलं, रस्ता होईल तेव्हा होईल, तोवर पोरीला वसतिगृहात ठेवू. तो एका ऑफिसात गेला, सोबत मी होतो. खुर्चीवर एक तरुण साहेब, समोर कॉम्प्युटर, भिंतीवर भलामोठा नकाशा. साहेब तसे सभ्य होते, त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग नकाशावर पट्टी ठेवली, एक टोक तांड्यावर, दुसरं शाळेवर.

"नाही बसत नियमात. शाळा फार जवळ आहे तुमच्या."

"साहेब, नाल्याच्या वरच्या अंगानं फिरून जा लागते. पोरगी सकायची निघाली तं दुपारी पोचते."

"ते झालं रस्त्याचं अंतर. आम्ही हवाई अंतर धरतो. हवाई अंतर अगदीच कमी आहे."

मला वाटलं सुभाष आता टेबल उलटवणार. त्याच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. पण तो उठून उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला,

"मंग साहेब, येवढं एक करा. पोरीले पंख मंजूर करा!"

बाहेर आल्यावर तो ऑफिसच्या पायरीवर बसला आणि रडला. हे त्यानं कुणाला सांगू नको म्हटलं होतं. पण आता इतकी वर्षं झाली, सांगायला हरकत नाही. त्या वर्षी पूजा शाळेत राहिली ती केवळ मास्तर भला माणूस होता म्हणून. पण त्यानंही सांगितलं, पुढच्या वर्षी मला जमणार नाही.

* * *

आणि मग आलं हेलिकॉप्टर.

उन्हाळ्याचे दिवस होते. तालुक्यात एकदम धावपळ सुरू झाली. दिल्लीहून कुणीतरी फार मोठे साहेब येणार. इतके मोठे, की त्यांना आमच्या सुमोत तीन तास बसवणं शक्यच नाही. दिल्ली-नागपूर विमान, नागपूर ते इथं हेलिकॉप्टर. अर्ध्या तासात काम! भेट मात्र आबाजींच्याच गावाला, हे सांगायला नको.

आता हेलिकॉप्टर उतरवायचं कुठं? शाळेच्या मैदानावर विजेच्या तारा. बाजाराच्या जागेत झाडं. शोधता शोधता सगळ्यांना एकच जागा पसंत पडली. टणक, सपाट, चहूबाजूंनी मोकळी. नाल्यापलीकडची. याडीच्या शेताचा वरचा बरड, हलक्या जमिनीचा तुकडा!

तहसीलचे साहेब माणसं घेऊन तिची परवानगी मागायला गेले. सुभाष सोबत होता, गाडी माझी होती. गाडी अर्थातच नाल्याच्या अलीकडे ठेवावी लागली. अवकाळी पाऊस पडून गेला होता. साहेब बूट हातात घेऊन चिखल तुडवत तांड्यावर पोचले. पँट गुडघ्यापर्यंत वर, पाय काळे.

याडी खाटेवर बसून शेंगा फोडत होती. तिनं साहेबांना पाणी दिलं, पाय धुवायला वेगळं दिलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कोन येऊन राह्यलं म्हनता?"

"दिल्लीचे मोठे साहेब आहेत, बाई. तुमच्या शेतात उतरणार. तुमचं भाग्य!"

"येऊ द्या ना. अन् उतरल्यावर?"

"उतरल्यावर त्यांना गाड्यांनी गावात नेऊ. गाड्यांचा ताफा असतो. मागे ॲम्ब्युलन्स. शिवाय आगीचा बंब उभा पाहिजे, त्याशिवाय हेलिकॉप्टर उतरूच देत नाहीत."

"हाव का? अन् हे सारं येईन कोठून?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. ज्या वाटेनं ते चिखल तुडवत आले होते तीच वाट. मग त्यांनी स्वतःच्या हातातल्या बुटांकडे पाहिलं.

याडीनं एक शेंग फोडली. "साहेब वरून येतेत. मंग गाड्याही वरूनच आना!"

मी हसू दाबायला नाल्याकडे तोंड केलं. सुभाषनं तर जमिनीतच मान घातली.

साहेबांनी हरतऱ्हेनं समजावलं. पिकाची भरपाई देऊ म्हणाले. याडी म्हणाली, पीकच नाही तर भरपाई कशाची. मग म्हणाले, वाटेवर मुरूम टाकून देऊ. याडी म्हणाली, "मुरूम एका पान्यात जाते. डांबर टाका." साहेब म्हणाले, बाई, असं अडून बसू नका, वर कळवावं लागेल. याडी म्हणाली, "कयवा. ते तिकडूनच तं येऊन राह्यले!"

आणि काय सांगू! ज्या रस्त्यासाठी सुभाष इतकी वर्षं वणवण फिरला, ज्याला कधी पैसा नव्हता, कधी मंजुरी नव्हती, तो रस्ता सुरू झाला. डोझर आले, रोलर आला, डांबराची पिंपं आली. तांड्यावरची माणसं रस्त्याच्या कडेला बसून रोलर बघत होती, जशी जत्रेत पाळणा बघतात. याडीच्या बरडावर चुन्याचा मोठा गोल आखला आणि मध्ये इंग्रजी एच काढला. फक्त नाल्यावर पूल बांधायला वेळ नव्हता, म्हणून सिमेंटचे पाईप टाकून वरून भर घातली. सुभाषनं काळजीनं विचारलं तर ठेकेदार म्हणाला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे!

तो दिवस उजाडला. बंब उभा, ॲम्ब्युलन्स उभी, गाड्यांची रांग. तांड्यावरच्या बायका आरशांचे, कवड्यांचे घागरे घालून उभ्या. दुपार झाली. दिल्लीचं विमान लेट झालं म्हणून निरोप आला. उन्हात साहेब लोक भाजून निघाले. आणि शेवटी आकाशात घरघर झाली. हेलिकॉप्टर आलं, तांड्यावरून एक गिरकी घेतली, खाली धूळ उडाली, गफ्फारभाईंची टोपी उडाली. आणि ते वळून परत गेलं! साहेबांना परतीचं विमान गाठायचं होतं म्हणे. त्यांनी वरूनच पाहणी केली.

तहसीलच्या साहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. तांडा मात्र टाळ्या वाजवत होता. नव्या डांबरी रस्त्यावर पोरं आत्तापासूनच धावायला लागली होती.

शाळा उघडली आणि एसटी तांड्यापर्यंत यायला लागली. पूजा पहिल्या दिवशी खिडकीच्या सीटवर बसून गेली. सुभाषनं त्या दिवशी भाडं घेतलं नाही, एसटीच्या मागे मागे शाळेपर्यंत रिकामी सुमो नेली. पण व्हायचं तेच झालं. पहिल्या मोठ्या पावसात नाल्यावरचे पाईप वाहून गेले. एसटी पुन्हा नाल्याच्या अलीकडे थांबायला लागली आणि पाणी असलं की पोरी पुन्हा घरी. सुभाषचं तोंड पुन्हा उतरलं.

त्याच पावसाळ्यात एकदा पाणी ओसरल्यावर मी आणि गफ्फारभाई त्याच्या घरी गेलो. याडीच्या शेतात कापूस गुडघ्याला आला होता. सगळीकडे हिरवंगार. आणि मधोमध एक मोठा गोल तुकडा रिकामा, एकही झाड नाही. त्यात एच. चुना तर पावसानं केव्हाच धुऊन नेला होता. याडी चुन्याच्या बादलीत दगड बुडवून, एकेक दगड ओळीत मांडून तो एच पुन्हा बसवत होती. दोन सुना दगड वाहत होत्या.

सुभाष वैतागला होता. "पेरतानीच जागा सोडली हिनं. आयकतच नाही. येवढ्यात किती कापूस झाला असता!"

मी बांधावरूनच ओरडलो, "याडी, हे कायले? हेलिकॉप्टर तं येऊन गेलं ना!"

तिनं मान वर केली नाही. हातातला दगड नीट बसवला, डोळा मिटून ओळ सरळ आहे का पाहिली आणि म्हणाली,

"पूल बाकी हाय."